सोयीचं भोक

बुडालेली बोट वर काढली की भोवतालच्या सगळ्यांना एकच घाई होते, पाणी उपसायची. पंप मागवले जातात, बादल्या येतात, कुणीतरी गोड्या पाण्याचा पाइप घेऊन उभाच असतो. माझं पहिलं भांडण तिथे होतं. मला बोट पट्ट्यांवर लटकलेली हवी असते आणि तिच्या पोटातलं पाणी होतं तसंच हवं असतं. ज्या वाटेनं पाणी आत शिरलं, बहुतेक वेळा त्याच वाटेनं ते बाहेर येतं, आणि बोटीला बाहेरून एक फेरी मारली की भोकं दिसतात. क्रेनवाल्याचं भाडं तासावर चालू असतं, मालकाचा जीव गाद्यांत आणि शिडांत अडकलेला असतो आणि मी हात मागे बांधून गळकं पाणी बघत उभा राहतो. शिव्या तोंडावर देत नाहीत, एवढाच काय तो शिष्टाचार.

मी विमा कंपन्यांसाठी जहाजांचे सर्व्हे करतो. माझं बरंचसं काम बार्जेस, टग, ड्रेजर यांचं. शिडाच्या छोट्या बोटी क्वचित वाट्याला येतात. त्यात पैसे थोडे आणि डोकेदुखी फार. मोठ्या जहाजाला लॉगबुक असतं, इंजिनरूममध्ये माणूस असतो, पाणी शिरताना कुणीतरी बघितलेलं असतं. बोयाला बांधलेली छोटी बोट मात्र रात्री एकटीच बुडते. सकाळी सगळे येतात तेव्हा साक्षीदार म्हणून उरतो तो चिखल.

ही बोट चोवीस फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. तळाला बिडाची जड कील. अशा बोटीला कील वाऱ्यात उलटू देत नाही, पण पोटात पाणी भरलं की तीच कील तिला दगडासारखी खाली नेते. गेटवेच्या समोर ज्या बोटी बोयांना बांधलेल्या दिसतात, त्यांतलीच ती एक. मुंबई बंदरात शिडाच्या बोटींचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. जूनच्या आधी बोटी पाण्याबाहेर काढतात, पाऊस सरला की पुन्हा सोडतात. त्यामुळे डिसेंबरात पावसाची तयारी कुणाच्याच डोक्यात नसते. ताडपत्री घरी, मोऱ्या साफ करायची आठवण नाही.

आणि २०१७ च्या डिसेंबरात पाऊस आला. ओखी चक्रीवादळ कन्याकुमारी, लक्षद्वीप असं करत गुजरातकडे वळलं होतं. ते मुंबईला थडकलं नाही, पण ४ आणि ५ डिसेंबरला मुंबई भिजवून गेलं. शाळांना सुट्टी दिली. महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या लोकांचे शिवाजी पार्कातले मंडप चिखलात गेले. त्यात ३ तारखेची पौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस. ६ तारखेला सकाळी त्या बोयाजवळ पाण्याबाहेर फक्त डोलकाठी होती.

बोट वर काढायला भांगाचे दिवस यावे लागले, कारण उधाणात प्रवाहाची ओढ इतकी असते की पाणबुड्या बोटीपाशी टिकू शकत नाही. मधल्या दिवसांत मला तीन सिद्धान्त ऐकायला मिळाले होते.

मालकांचा सिद्धान्त होता की एखादी लाँच धडकली. एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँच तिथून जातात-येतात, रात्री बार्जेसची हालचाल असते, आणि आदल्याच आठवड्यात त्यांनी बोटीच्या डाव्या कुशीवर ताजा ओरखडा पाहिला होता. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याचा सिद्धान्त होता की बोट जुनी, तळाची फिटिंग जुनी, काहीतरी सडून निखळलं असणार. त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, पण त्यामागचं गणित मला ठाऊक होतं. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, पॉलिसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर नेहमीच्या झिजेचं नुकसान कंपनीच्या माथी येत नाही. धडक बसली असेल तर पैसे मिळतात, झीज असेल तर वाद सुरू होतो. दोघंही प्रामाणिक माणसं होती. प्रत्येकाला आपल्या सोयीचं भोक हवं होतं, इतकंच.

तिसरा सिद्धान्त तांडेलांचा. मालकांच्या आणि शेजारच्या दोन-तीन बोटींची देखरेख ते करायचे. साठीच्या पुढचे कोळी गृहस्थ. धक्क्यावर सगळे बोलत असताना ते लांब एका बोलार्डवर बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा इतकंच म्हणाले, "साहेब, होडी पाठी बसलेली." पुढे काही विचारणार तोच मालकांनी हाक मारली आणि तांडेल गप्प झाले. मालकांच्या मते चूक झाली असेल तर ती तांडेलांचीच होती, हे मला नंतर कळलं.

बोट वर आली तेव्हा मी फेरी मारली. डाव्या कुशीवरचा ओरखडा कोरडा ठणठणीत. पोटात टनभर पाणी असताना तिथून थेंबही येत नव्हता. छोट्या हातोडीनं ठोकून पाहिलं, आवाज भरीव. वरचा जेलकोट खरवडला होता, खालच्या फायबरला काही झालं नव्हतं. धडकेचा सिद्धान्त संपायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या, दोन मोऱ्यांपैकी एक ठार बंद होती, दुसरी करंगळीएवढी वाहत होती. मागच्या फळीवर बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं, पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचं तोंड होतं, तिथून एक बारीक धार. आणि मधोमध, सिंकचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पितळी फिटिंगच्या जागी, नळ फुटावा तसा लोट. फिटिंगचा बाहेरचा भाग तुटून गेला होता.

सगळे तिकडे धावले, मोबाइल बाहेर आले. तुटलेली कड गुलाबी दिसत होती. ज्यांनी हे आधी पाहिलेलं नाही त्यांना ती चांगलीच वाटते, तांब्याची नवी वस्तू असावी तशी. खरं तर ती मेलेल्या पितळेची खूण आहे. साध्या पितळेत साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त असतं. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं तांब्याचं सच्छिद्र, ठिसूळ जाळं. आकार तोच, आटे तेच, ताकद नाही. हातोडीचा हलका टोला बसला तरी बिस्किटासारखं तुटतं. बोटींच्या अशा फिटिंगसाठी १९९४ साली आयएसओ ९०९३ हे मानक आलं, तेव्हा त्यात गंजरोधक धातूची व्याख्याच अशी होती की पाच वर्षांच्या वापरात कामात अडथळा येईल असा दोष दिसू नये. पाच वर्षं! बोट तीस वर्षं वापरायची आणि तिच्या तळाच्या भोकातल्या धातूला हमी पाच वर्षांची. ब्रॉन्झ किंवा जस्त न सोडणारं खास पितळ वापरलं तर हा प्रश्न येत नाही, पण दुकानात साधी फिटिंगही तितकीच पिवळी आणि चकचकीत दिसते.

विमा अधिकारी माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "झालं की, सर." त्यांच्या आवाजात समाधान होतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. अहवालात लिहायला याहून सुबक कारण सापडत नाही. फोटो झकास येतो, मागे विज्ञान आहे, मानकाचा आकडा आहे.

मला खटकलं ते त्या कडेचं स्वच्छ असणं. बोट आठवडाभर मुंबई बंदराच्या तळाशी होती. तिथला चिखल कशालाच सोडत नाही. केबिनमधल्या घड्याळाच्या काचेवर, पेल्यांवर, दिव्यांच्या तारांवर, सगळीकडे एक तपकिरी साय बसली होती. बुडताना तुटलेल्या धातूच्या कडेवर ती बसायलाच हवी होती. कड मात्र आत्ता तुटल्यासारखी ताजी. मग मी बोट उचललेल्या पट्ट्यांकडे वळलो. पुढची पट्टी बरोबर त्या फिटिंगवरून गेली होती. पट्टीच्या आतल्या बाजूला एक गुलाबी ओरखडा होता, आणि तिच्या दुमडीत फिटिंगची तुटलेली तबकडी अडकलेली. बंदराच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही, त्यानं चाचपून पट्टी घातली होती. क्रेननं वजन घेतलं तेव्हा पट्टी ताणली आणि ते मेलेलं पितळ तुटलं. म्हणजे सगळ्यात मोठं भोक बोट बुडाल्यानंतर पडलेलं होतं.

पाणी बाहेर येऊ द्यायची माझी युक्ती इथे अपुरी पडते. ती भोकं दाखवते. कुठलं आधी पडलं आणि कुठलं नंतर, हे सांगत नाही. बुडाल्याचं कारण शोधणं म्हणजे बहुतांशी हा क्रम लावणं असतं. बुडालेली बोट तळाशी आपटते, आडवी होते, दोऱ्यांनी ओढली जाते. प्रत्येक टप्प्यावर तिला नव्या जखमा होतात, आणि नव्या जखमा जुन्यांपेक्षा ठसठशीत दिसतात.

आत गेलो. बंद मोरीत वेफर्सचं पाकीट सापडलं, चांगलं घट्ट बसलेलं. दुसरीत पक्ष्यांची शीट, पिसं आणि धाग्यांचा बोळा. बॅटरी मेलेली होती, पण त्याला अर्थ नव्हता. आठवडाभर समुद्रात पडलेल्या बॅटरीचा आकडा कुठल्याच बाजूचा पुरावा होत नाही. पंपाचा फ्यूज शाबूत होता. पंप काढला, गोड्या पाण्यानं धुतला, दुसरी बॅटरी जोडली, तर फिरला. तरंगता स्विच वर उचलला की चालू, सोडला की बंद. पंपात काहीच दोष नव्हता.

मालक म्हणाले, "बघा, पंप चांगला होता. मी मुद्दाम बसवून घेतला होता."

दुपारी मी तांडेलांना चहाला नेलं. मालक नसताना ते मोकळेपणी बोलले. ५ तारखेला संध्याकाळी ते धक्क्यावर होते. समुद्र खवळलेला, इशारा लागलेला, डिंगी घेऊन बोटीवर जाणं शक्य नव्हतं. तिथून त्यांना बोट दिसत होती, मागच्या बाजूनं नेहमीपेक्षा खाली बसलेली. आणि पंप पाणी फेकत होता. थोडा वेळ फेकायचा, थांबायचा, पुन्हा फेकायचा. त्यांनी मालकांना फोन केला. मालक म्हणाले, पंप चालतोय ना, मग काळजी नाही.

"पाऊस किती होता तेव्हा?" मी विचारलं.

"पाऊस थांबलेला. तासभर झाला असेल."

मी चहा खाली ठेवला. पाऊस थांबून तास झाला, आणि पंप अजून चालू-बंद होतोय. मग पाणी येतंय कुठून? त्या दिवशी सापडलेल्या भोकांपैकी समुद्राच्या पातळीजवळचं, आतून बाहेर उघडणारं आणि अजून निर्दोष न ठरलेलं एकच उरत होतं, पंपाचं तोंड.

पुढचं मग पटापट जुळलं. बोट कोरडी असताना ते तोंड पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर होतं. ज्यानं पंप बसवला त्याला मागच्या फळीत भोक पाडणं सोपं गेलं असणार. पंपापासून नळी डेकखालून थोडी वर जाऊन सरळ तोंडाला जोडलेली. पावसाचं गणित साधं आहे, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. डेकवरचं बरंचसं पाणी कॉकपिटमध्ये उतरतं. मोऱ्या तुंबलेल्या. दोन चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये वीतभराहून कमी, पंधरा सेंटिमीटर पाणी साचलं तरी तीनशे लिटर होतं, म्हणजे चार-पाच माणसं मागे येऊन बसल्यासारखं. बोट पाठी बसते. चार बोटं संपतात आणि पंपाचं तोंड पाण्याखाली जातं.

आता पंप चालला की नळी पाण्यानं भरते, पंप थांबला की त्याच भरलेल्या नळीतून समुद्र उलटा आत येतो. पूर्वी रॉकेलच्या पिंपातून रबरी नळीनं तोंडानं ओढून तेल काढायचे, तोच प्रकार. इथे ओढायचं काम पंपानं केलं. या पंपांना परतीचं पाणी अडवणारी झडप नसते. बिल्जमध्ये पाणी वाढलं की स्विच उचलतो, पंप ते बाहेर फेकतो, थांबतो, पाणी परत येतं. रात्रभर हेच. पाचशे गॅलनचा म्हणून विकला जाणारा पंप तासाला सुमारे १९०० लिटर फेकतो, पण तो आकडा चढ नसताना आणि बॅटरी भरलेली असतानाचा. दोन अँपिअरच्या आसपास वीज खाणारा हा पंप छोट्या सोलर पॅनेलच्या जिवावर होता, आणि दोन दिवस सूर्य नव्हता. केव्हातरी बॅटरी संपली. त्यानंतर फक्त आत येणं उरलं. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांनी थांबलं होतं. त्यावर मी फार भर देत नाही, कारण पाणी लागल्यावर घड्याळ काही काळ चालू राहू शकतं. पण ते या क्रमाच्या विरोधातही जात नव्हतं.

कागदावर जुळलेली गोष्ट मला पुरत नाही. समुद्री विम्याच्या धंद्यात पोपी एम या जहाजाचा खटला सगळ्यांना माहीत असतो. १९७६ च्या ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात अल्जीरियाजवळ, शांत हवेत, हे मालवाहू जहाज बुडालं. इंजिनरूमच्या कुशीला भोक पडलं होतं. जहाज खोल पाण्यात गेलं, तपासायला कुणी जाऊ शकलं नाही. मालक म्हणाले, पाण्याखालून जाणारी पाणबुडी धडकली. विमाकर्ते म्हणाले, पत्रे झिजले होते. खालच्या न्यायाधीशांना दोन्ही गोष्टी अवघड वाटल्या, पण झीज त्यांनी नाकारली आणि उरली म्हणून पाणबुडी स्वीकारली. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो निकाल फिरवला. बाकीच्या शक्यता खोडल्या म्हणून उरलेली अशक्यप्राय गोष्ट खरी ठरत नाही. सिद्ध झालं नाही, असं म्हणायची मोकळीक न्यायाधीशाला असते. लॉर्ड ब्रँडन यांनी त्यात शेरलॉक होम्सच्या प्रसिद्ध तर्कालाच हरकत घेतली. मला तो निकाल आवडतो, पण माझी बोट पोपी एम नव्हती. ती धक्क्यावर माझ्यासमोर उभी होती, मी तिला विचारू शकत होतो.

पितळी फिटिंग बदलून बोट पुन्हा पाण्यात घेतली. शांत सकाळ, बाजूला दुसरी बोट बांधलेली. मोऱ्यांना बुचं मारली आणि कॉकपिटमध्ये पाइपनं पाणी सोडलं. मागची बाजू हळूहळू खाली गेली. पंपाचं तोंड पाण्याला टेकलं, मग दिसेनासं झालं. मधल्या नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी जोडली होती. बिल्जमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं. पंप चालू झाला, फेकलं, थांबला. नळीत हवेचे बुडबुडे क्षणभर स्थिर झाले आणि मग उलट्या दिशेनं निघाले. पंपाखाली लावलेली बादली मिनिटाभरात भरत आली. म्हणजे तासाला पाऊण ते एक टन.

मालक वाकून त्या नळीकडे बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पंप चालत होता हेच..." आणि वाक्य सोडून दिलं. तांडेल पलीकडच्या बोटीत उभे होते, त्यांनी दोर पकडलेला होता. तेही काही बोलले नाहीत.

अहवालाच्या छापील नमुन्यात नुकसानीचं कारण लिहायला एक चौकट असते, दोन ओळींची. मी तिथे लिहिलं, अवकाळी पावसानं कॉकपिट भरून बोट मागे झुकली, पंपाच्या बुडालेल्या तोंडातून समुद्राचं पाणी उलटं आत आलं. बाकी सहा पानं जोडपत्रात. फिटिंगबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहिला. ती सडलेली होती, पुढच्या हंगामात बहुधा तिनंच बोट बुडवली असती, पण या वेळी ती वर काढताना तुटली. विमा अधिकाऱ्यांनी दोनदा फोन केला. "पण सर, सडलेली होती हे तर तुम्हीच लिहिलंय." लिहिलंय, म्हटलं, आणि कधी तुटली तेही लिहिलंय. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन केला नाही. दावा मंजूर झाला, फिटिंगची किंमत वजा करून. ते मला रास्त वाटतं.

तांडेलांनी मला एकच विनंती केली होती. त्यांनी संध्याकाळी फोन केला होता, एवढं कुठेतरी लिहा. विमा कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण बोट पाठी बसलेली कधी दिसली, ही वेळ माझ्या क्रमासाठी आवश्यक होती, आणि ती वेळ फक्त त्या फोनमुळे पक्की होत होती. म्हणून पहिल्याच पानावर घेतली, संध्याकाळचे सव्वासहा, तांडेलांनी मालकांना कळवलं. मालकांनी अहवाल वाचून त्या ओळीवर हरकत घेतली नाही. तांडेलांना परत कामावरही ठेवलं. तेव्हापासून तांडेल हंगामाच्या सुरुवातीला शेजारच्या बोटींवर जाऊन मालकांना मागच्या फळीवर उभं करतात आणि पंपाचं तोंड पाण्यापासून किती बोटं उरतं ते दाखवतात. जिथे दोनच उरतात तिथे नळीला वर, डेकच्या उंचीपर्यंत वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी झडप लावून घेतात. हात-दीड हात जादा नळी लागते. काही मालक कुरकुरतात, पंप नवा आहे म्हणतात.